एक शिट्टी म्हणजे किती मिनिटं?

होळी गुरुवारी होती. पण श्टुटगार्टात गुरुवारी होळी असली काय आणि नसली काय, ऑफिस असतंच. म्हणून आमची होळी रविवारी सरकवली. पुरणपोळीला दोन मराठी कुटुंबं बोलावली आणि ऑफिसातला एक सहकारी. त्याचं खरं नाव इथे नको. मी मनातल्या मनात त्याला तराजूराव म्हणतो. मागच्या वर्षी त्याने माझ्या डब्यातली अर्धी पोळी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "कृती सांग."

कृती! मला पुरणपोळी खाता येते. करायची म्हणजे साताऱ्याला फोन लावायचा आणि फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायचा. पुढचं सगळं आई करते, हात फक्त माझे. या व्यवहारात माझं स्थान तारेचं आहे, आणि तारेला कोणी कृती विचारत नाही. हे त्याला समजावणं अवघड होतं, म्हणून म्हटलं, "तूच ये आणि बघ."

तो बरोबर दहाला आला. खरं तर दहाला पाच कमी असताना मी खिडकीतून खाली पाहिलं, तेव्हा तो फाटकापाशी घड्याळाकडे बघत उभा होता. पिशवीत वही, थर्मामीटर आणि स्वतःच्या घरचा वजनकाटा. आमच्याकडे वजनकाटा नसेल हे त्याने गृहीत धरलं होतं, आणि ते खरं होतं.

इथले दहा म्हणजे तिकडचे अडीच. मार्चअखेर इथली घड्याळं पुढे सरकतात आणि तासाभराचं अंतर कमी होतं, पण होळी नेमकी त्याच्या आधी येते. अडीच ही आईची पाठ टेकायची वेळ. तिने ती होळीत टाकली आणि केस विंचरून, कुंकू लावून पडद्यावर आली. परदेशी पाहुणा बघणार म्हणून मागे दिसणारी बरणीसुद्धा पुसली होती.

"गुटेन मॉर्गेन, आई," तराजूराव म्हणाले. आई हे तिचं नाव आहे असा त्यांचा समज आहे आणि तो दूर करण्याची मला गरज वाटलेली नाही.

"त्याला म्हणावं, दोन वाट्या डाळ घे."

मी भाषांतर केलं. त्याने लिहिलं आणि पेन थांबलं. कोणती वाटी? आईने मांडणीवरून वाटी काढून कॅमेऱ्यासमोर धरली. "ही. आमटीची." आमच्याकडेही तशीच वाटी होती, लग्नातली, बुडाला नाव कोरलेली. त्याने ती रिकामी तोलली, भरून तोलली, वजाबाकी केली आणि समाधानाने आकडा लिहिला. तेवढ्यात आईने विचारलं, "सपाट भरलीस की शीग लावून?"

शीग या शब्दाचं जर्मन मला आजतागायत सापडलेलं नाही. मी हाताने डोंगर करून दाखवला. त्याने आकड्यासमोर अधिक-उणेची खूण केली. ती त्या दिवशीची पहिली खूण. नंतर पानभर झाल्या.

डाळ कुकरला लागली. कुकर आमचा भारतातून आणलेला, कारण इथले प्रेशर कुकर शिट्टीच मारत नाहीत. वाफ गुपचूप सोडतात, बोर्डाच्या परीक्षेत कॉपी पुरवावी तशी. "किती वेळ?" त्याने विचारलं.

"तीन शिट्ट्या."

"म्हणजे किती मिनिटं?"

आईला हा प्रश्न कळलाच नाही. शिट्टी म्हणजे शिट्टी. तराजूरावांनी मोबाइलवर वेळ लावली. पहिली शिट्टी अकरा मिनिटांनी झाली, दुसरी दोन मिनिटांत आणि तिसरीचा पत्ताच नाही. आमची शेगडी काचेची. तिची तबकडी आपोआप लाल होते, आपोआप विझते, आणि ती कधी विझणार हे तिलाच ठाऊक. त्याने वहीत लिहिलं, "शिट्टी हे एकक स्थिर नाही." आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करायचा असतो. नंतरची उशिरा येते ना, तीच खरी." म्हणजे खोट्या शिट्ट्याही असतात. त्याने तेही लिहिलं.

तिसरी शिट्टी झाली आणि त्याच क्षणी दाराची बेल वाजली. माझ्या पोटात गोळा आला. रविवार हा इथे शांततेचा दिवस. रविवारी भिंतीला भोक पाडायचं नाही, बागेतलं गवत कापायचं यंत्र लावायचं नाही, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत. कुकरच्या शिट्टीचा स्वतंत्र उल्लेख नियमावलीत नाही, पण नियमावली लिहिणाऱ्यांनी तो प्रकार ऐकलेलाच नसणार.

दारात खालच्या मजल्यावरच्या आजी. त्या शिट्टीसाठी आल्या नव्हत्या. या भागात आठवड्याची झाडलोट असते, 'केअरवोखं'. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते आणि त्याने जिना झाडून पुसून काढायचा. पाटी आठवडाभर आमच्या दारावर होती, जिना मात्र आजींच्या मते होता तसाच होता. मी माफी मागत असतानाच आत चौथी शिट्टी झाली, कारण बंद केलेली तबकडी तापलेलीच होती. आजी दोन पायऱ्या मागे सरकल्या.

तराजूराव पुढे झाले आणि त्यांच्या बोलीत एवढंच म्हणाले, "काही नाही, डाळ शिजतेय."

डाळ म्हटल्यावर आजींचा चेहरा पालटला. या श्वाबियन मुलखाचं लाडकं जेवण म्हणजे मसूर आणि श्पेट्झलं, म्हणजे डाळ आणि त्यात कणकेचे उकडलेले तुकडे. वर व्हिनेगर शिंपडतात आणि बाजूला सॉसेज ठेवतात, ती गोष्ट वेगळी. पण सॉसेज डोळ्याआड केलं तर त्या चक्क चकोल्या आहेत. हे मला इथे येऊन चौथ्या वर्षी कळलं आणि त्या दिवसापासून या लोकांबद्दलचं माझं मत सुधारलं. आजी आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि आईकडे बघून हात हलवला. आईने पदर सावरला.

"ह्या कोण?"

"खालच्या आजी. जिना झाडला नाही म्हणून आल्यात."

"मग झाडायचा ना," आई म्हणाली. श्टुटगार्ट आणि मुंबई ही 1968 पासूनची भगिनी-शहरं आहेत म्हणे. सातारा आणि श्टुटगार्ट यांचं नातं त्या वाक्यात जुळलं.

मग कणीक. आई म्हणाली, "पीठ चांगलं घे." तराजूरावांनी विचारलं, कुठल्या नंबरचं? इथे पिठाच्या पुडक्यावर आकडा असतो: 405, 550, 1050. मला वाटायचं हे गिरणीचे नंबर असतील. तसं नाही. पीठ भट्टीत जाळतात आणि मागे किती राख उरते ते मोजतात. शंभर ग्रॅम पिठाची सुमारे 405 मिलिग्रॅम राख उरली की ते 405. आकडा लहान तितकं पीठ पांढरं. 405 म्हणजे जवळजवळ आपला मैदाच. हे मी आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली.

"पीठ जाळतात?"

"तपासायला, आई."

"आज होळी आहे म्हणून का?"

शेवटी 550 आणि भारतीय दुकानातलं गव्हाचं पीठ निम्मं निम्मं घ्यायचं ठरलं. किती पाणी? "मावेल तेवढं." कुठवर मळायची? "कानाच्या पाळीइतकी मऊ होईतो."

हे भाषांतर करताना माझाच धीर सुटला. तराजूरावांनी पेन ठेवलं, डाव्या हाताने स्वतःची कानाची पाळी धरली, उजव्या हाताने कणीक दाबली आणि डोळे मिटले. "कुणाच्या कानाची?" हा प्रश्न त्याने अत्यंत गंभीरपणे विचारला, आणि विचार केला तर तो रास्त आहे. तेवढ्यात आजींनीही आपला कान धरला. मग त्यांनी कणीक दाबली आणि म्हणाल्या, अजून हवी. तराजूरावांच्या कानाप्रमाणे झाली होती, आजींच्या कानाप्रमाणे नव्हती. बायको आत येऊन बघते तर ओट्याभोवती तिघं जण कान धरून उभे. जिन्याची पाळी राहिली बाजूला, कानाची पाळी सुरू झाली होती. आईने निकाल दिला: "आजींचं बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसाचा कान."

बायको मूळची विदर्भातली. तिच्या माहेरी पुरणात साखर घालतात, पोळी जाड असते आणि पुरण तर बाहेर डोकावेल इतकं. ती फोनसमोरून जाताना काही बोलत नाही. फक्त गुळाची ढेप फोडत असताना तिने "अच्छा, गूळ," असं म्हटलं. आईने ते ऐकलं. मी काहीच ऐकलं नाही.

तुपाचं थोडं सांगायला हवं. युरोपीय संघात प्रवाशाला भारतातून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, सगळं विमानतळावर अर्पण. नारळ मात्र चालतो. अननस, केळं, खजूर, डुरियन आणि नारळ एवढ्या पाच फळांना कागदपत्रं लागत नाहीत, त्यामुळे आई दर वेळी बॅगेत नारळ घालते. तो इथे दुकानातही मिळतो, पण चालतो म्हटल्यावर न्यायलाच हवा. तूप मी इथल्या लोण्याचं कढवतो. पाव किलोच्या विटा मिळतात. त्यात आंबवलेल्या सायीच्या लोण्याची वीट घेतली तर घरभर साताऱ्याचा वास सुटतो. हे एवढं एकच तंत्र मी स्वतः शोधलेलं आहे, म्हणून त्याचा उल्लेख.

पुरण शिजत आलं. "झालं हे कसं ओळखायचं?" तराजूरावांनी थर्मामीटर काढला.

"उलथनं उभं राहिलं की झालं."

इथे तो खऱ्या अर्थाने जागा झाला. कारण ही चाचणी आहे, आणि चाचणी त्याला कळते. दिवसभर ऑफिसात तो दुसरं काही करत नाही. त्याने आमचं उलथनं पुरणात रोवलं आणि हात काढला. उलथनं एखाद्या दमलेल्या माणसासारखं हळूहळू कलंडलं. पाच मिनिटांनी पुन्हा. या वेळी उभं राहिलं. किती सेकंद राहायला हवं? किती खोल रोवायचं? आई म्हणाली, "उभं म्हणजे उभं." त्याने वहीत उलथन्याचं चित्र काढलं, शेजारी काटकोनाची खूण केली आणि इतका खूश झाला की थर्मामीटर आपणहून पिशवीत ठेवला.

कटाच्या आमटीला फोडणी दिली. हिंग पडताच त्याने विचारलं, हे काय? डबी हातात घेऊन त्याने नाव शोधलं आणि मोठ्याने वाचलं. जर्मनमध्ये हिंगाला 'टॉयफेल्सड्रेक' म्हणतात. अर्थ: सैतानाची विष्ठा. आजींनी खिडकी सताड उघडली. वरचा धूर ओढणारा पंखा काही उपयोगाचा नाही. तो धूर आत घेतो, गाळतो आणि पुन्हा आमच्याच अंगावर सोडतो. मार्चच्या थंडीत खिडक्या उघड्या टाकून, स्वेटर घालून आम्ही फोडणीचा सुवास श्टुटगार्टला अर्पण केला.

एकला बोलावलेली मराठी मंडळी पावणेदोनला आली. पहिली पोळी फाटली, दुसरी नकाशा झाली, तिसरी आईने पडद्यावरूनच मान्य केली. जेवताना तराजूरावांना एकच अडचण होती: हा गोड पदार्थ आहे की जेवण? गोड असेल तर शेवटी खायला हवा. आम्ही तो आमटीत बुडवतो हे पाहून ते काही क्षण थांबले, मग त्यांनीही बुडवला. आजींनी कुणालाच न विचारता दुधात कुस्करला आणि तीन पोळ्या खाल्ल्या. मराठी मित्र मात्र पहिल्या घासानंतर म्हणाला, "छान झालीय. आमच्याकडे जरा पातळ लाटतात." त्याची बायको म्हणाली, "आणि जायफळ जास्त." परक्याला पोळी आवडते, ती कशी करतात हे माहीत नसतं म्हणून. आपल्या माणसाच्या जिभेवर त्याची आई बसलेली असते आणि तिच्यासमोर आपण कायम नापास. संध्याकाळी मी जिना झाडला.

पुढच्या रविवारी दुपारी तराजूरावांचा फोटो आला. पातेल्यात पुरण, पुरणात उलथनं, आणि शेजारी शाळेत असतो तसा प्लॅस्टिकचा कोनमापक. खाली लिहिलं होतं: "दोन मिनिटांनंतर चार अंश कलतं. चालेल का?"

मी फोटो साताऱ्याला पाठवला. आईने तो मोठा करून बघितला असावा, कारण फोन यायला बराच वेळ लागला.

"उलथनं लाकडी आहे का रे त्याचं?"

"हो, इथे लाकडीच वापरतात."

"मग काय, हलकं ते, उभं राहणारच. पुरण कच्चं आहे अजून. स्टीलचं लाव म्हणावं."

मी निरोप पोचवला. मिनिटाभरात उत्तर आलं. स्टीलच्या उलथन्याचं वजन किती?

मला वाटलं, आता आई म्हणणार, अंदाजाने घे. पण फोनवर भांड्यांचा आवाज आला, मग तिची हाक ऐकू आली, "अहो, जरा इकडे या." पडदा हलला, छत दिसलं, पंखा दिसला, आणि शेवटी बाबा दिसले. ते चपला घालत होते, हातात आमच्या घरचं उलथनं होतं, आणि आई त्यांना सांगत होती की वाण्याला म्हणावं नीट मोज, जर्मनीला कळवायचंय.