गायीचं गोचिडाचं औषध मांजराच्या कानात? बाटली आधी खाली ठेवा

उदगीरकडच्या माझ्या मावशीने परवा एक फोटो पाठवला. टॉवेलात गुंडाळलेलं दीड महिन्याचं पिल्लू, शेजारी वाटीत तेल, आणि खाली प्रश्न: "चार थेंब टाकू का पाच?" सोबत व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मजकूर. "मांजराच्या कानातले किडे पाच मिनिटांत गायब, डॉक्टरला पैसे देऊ नका." त्यात पाच गोष्टी ठोकून दिल्यात. हे किडे माणसाच्या कानातून मेंदूत जातात, म्हणून घाई करा. करडईच्या तेलात लसूण-कापूर कढवून कानात सोडा. काडीला कापूस लावून काळं संपेपर्यंत आत फिरवा. एवढ्यानेही नाही भागलं तर गोठ्यातल्या गोचिडाच्या औषधाचा एक थेंब घाला. आणि दर रविवारी हायड्रोजन पेरॉक्साइडने कान धुवा.

मावशीला फोन केला तर म्हणते, "आगं, घरचंच तेल हाय की, त्यानं काय व्हतंय?" तेलाचं नंतर बोलू. आधी ते गोचिडाचं.

आपल्याकडे ज्याच्या दारात म्हैस आहे त्याच्या गोठ्यातल्या कोनाड्यात ही बाटली असतेच. आत असतं डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन नाहीतर अमिट्राझ यांपैकी एखादं कीटकनाशक. लेबलवर स्पष्ट लिहिलेलं असतं की इतकं पाणी घालून पातळ करायचं आणि जनावराच्या अंगावर वरून लावायचं. तेही तीन-चारशे किलोच्या जनावराला. इथे अर्ध्या किलोचं पिल्लू आहे आणि औषध न पातळ करता थेट कानात सोडायचं म्हणतात! बरं, प्रश्न फक्त वजनाचा असता तर प्रमाण कमी करून भागलं असतं. पण मांजराचं यकृतच वेगळं आहे. गाय, कुत्रा, माणूस ज्या पद्धतीने डेल्टामेथ्रिन-सायपरमेथ्रिनसारखी रसायनं मोडून बाहेर टाकतात, ती यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. त्यामुळे विष अंगात साचतं आणि मज्जातंतू पेटल्यासारखे चालू राहतात. कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या परमेथ्रिनच्या औषधानेही मांजरं मरतात, ती याच कारणाने. आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते, तिथेही अडचण त्याच यंत्रणेची.

आता मजकुरातलं हे वाक्य बघा: "पिल्लू कान थरथरवू लागलं, डोकं झटकू लागलं की समजा औषध लागू पडलं." कान थरथरणं हे या विषबाधेचं सुरुवातीचं लक्षण आहे हो! त्यानंतर लाळ गळते, पाय लटपटतात, सगळ्या अंगाला कंप सुटतो, झटके येतात. म्हणजे पिल्लाला जेव्हा दवाखान्यात न्यायला पाहिजे, नेमका तेव्हाच घरातला माणूस "गुण आला" म्हणून निवांत बसणार. डेल्टामेथ्रिन-सायपरमेथ्रिनच्या विषावर नेमका उतारा असा नाही. डॉक्टर झटके थांबवतात, सलाईन लावतात, अंग गरम ठेवतात आणि वाट बघतात. हे औषध चुकून केसांवर सांडलंच, तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने तो भाग धुवायचा, कोरडं करून गुंडाळायचं आणि निघायचं. दूध पाजत बसायचं नाही. कानात गेलं असेल तर घरी पिचकाऱ्या मारायच्या नाहीत, सरळ निघायचं.

हा मजकूर ज्याने लिहिला त्याने आयुष्यात मांजर पाळलं असेल असं मला वाटत नाही.

मेंदूत जाणारे किडे हा दुसरा बागुलबुवा, आणि याच भीतीने लोक पिल्लं पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येतात. मांजराच्या कानातले हे किडे म्हणजे माइट, कोळ्याच्या कुळातले अगदी बारीक जीव; शास्त्रीय नाव ओटोडेक्टिस सायनोटिस. ते कातडीत बीळ करत नाहीत, वरवर राहून मळ आणि कातडीचे कण खातात. माणसाचं काय होतं, हे कुणी तपासलंय का? तपासलंय, आणि तेही स्वतःवर. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातले पशुवैद्य रॉबर्ट लोपेझ यांनी मांजराच्या कानातले जिवंत माइट काढून स्वतःच्या कानात सोडले आणि काय काय झालं ते १९९३ मध्ये अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात लिहिलं. कानात खरखर ऐकू यायची, भयंकर खाज सुटायची, रात्री तर जास्तच. महिनाभरात प्रकार ओसरला. या गृहस्थांनी तो प्रयोग पुन्हा केला, आणि मग तिसऱ्यांदाही. दर वेळी त्रास आधीपेक्षा कमी. मेंदू शाबूत राहिला, १९९४ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस, मिळालं ते वेगळंच. मुद्दाम कानात भरून एवढंच होत असेल तर उशाला झोपणाऱ्या पिल्लाने काय होणार? फार तर हातावर-पोटावर काही दिवस खाजरे ठिपके. तेवढं होऊ शकतं, हे मान्य.

तेलाचं आता. नाइलाजाने कबूल करते की नुसत्या साध्या तेलाच्या थेंबाने मळ मऊ होतो आणि काही माइट गुदमरतातही. पण अंडी राहतात. अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे आज कान स्वच्छ दिसला तरी पुढची पिढी तयारच असते. आणि लसूण-कापराला तर तिथे कामच नाही. लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, कापूर कातडीतूनही अंगात भिनतो. कानात टाकलेलं कानातच राहील असं समजू नका. मांजर पंजाने कान पुसतं आणि पंजा चाटतं, म्हणजे गेलंच ते पोटात.

काडी? नको. मांजराच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग काटकोनात आत वळते. काडीने मळ त्या वळणापलीकडे ढकलला जातो, आणि पिल्लाने हिसका दिला की पडदा फाटतो. पेरॉक्साइडचा फेस बघून लोक खूश होतात. तो फेस पेशींमधल्या कॅटलेज नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो, घाण निघाली म्हणून नाही. वर कातडी सोलवटते आणि नळीत ओल राहते. निरोगी कान फिका गुलाबी असतो, त्याला रविवारही लागत नाही नि सोमवारही. बघायचं आणि सोडून द्यायचं.

काळा मळ म्हणजे माइटच, असंही धरून चालू नका. चहाच्या चोथ्यासारखा कोरडा, रवाळ मळ आणि सारखी खाज असेल तर बहुधा माइट. ओलसर, वास मारणारा असेल तर बुरशी किंवा जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, आणि त्याचं औषध वेगळं. डॉक्टर कानात बघून पडदा शाबूत आहे का तेही पाहतात. ते पाहिल्याशिवाय कोणताही द्राव आत सोडायचा नाही, कारण फाटक्या पडद्यातून काही द्राव आतल्या कानात गेले तर बहिरेपण येतं. मान एका बाजूला कलली असेल, पिल्लू गोल गोल फिरत असेल तर त्याच दिवशी जा. "पिल्लासाठी कोण जातंय दवाखान्यात" हे मावशीचं उत्तर मला पाठ आहे. पण उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तालुक्याला सरकारी दवाखानाही असतो. तेवढ्यासाठी पुण्याला जायला कुणी सांगत नाहीये.

डॉक्टरांनी घरी साफ करायला सांगितलं तर एकाने पिल्लू टॉवेलात धरायचं, दुसऱ्याने त्यांनीच दिलेल्या द्रावाचे थेंब सोडायचे. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, गार थेंबाला पिल्लू उसळतं. कानाच्या मुळाशी बाहेरून हलकं चोळायचं, डोकं झटकू द्यायचं आणि बोटाला गुंडाळलेल्या कापसाने दिसतं तेवढंच पुसायचं. बोट जिथे अडतं तिथे थांबायचं.

माइटचं औषध बहुतेक वेळा मानेवर, जिथे जीभ पोहोचत नाही तिथे सोडतात. सेलामेक्टिनसारखं औषध किती वयाला आणि किती, ते डॉक्टर पिल्लाचं वजन करून ठरवतात. आणि मावशीच्या ओसरीवरच्या दोन मोठ्या मांजरांना नि दारातल्या कुत्र्यालाही त्याच वेळी दाखवावं लागेल. एकाचे माइट दुसऱ्यावर जातात, एकट्या पिल्लाचा कान बरा केला तरी महिन्याभरात परत तेच.