तेरा जणी

५ जुलै २०२५, शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात दोन मॅच चालू होत्या. हॉलमध्ये एजबॅस्टन. पहिल्या डावात २६९ करूनही शुभमन गिलचं पोट भरलेलं नव्हतं, आणि टीव्हीसमोर नवरा, दीर आणि शेजारचे काका ठाण मांडून बसलेले. स्वयंपाकघरात थायलंडमधलं चियांग माई, बायकांचा फुटबॉल सामना. फोन साबुदाण्याच्या डब्याला टेकवलेला, आवाज बारीक. दुसऱ्या दिवशी आषाढी, त्यामुळे साबुदाणा धुणं, दाणे भाजणं सगळं एका डोळ्याने आणि भारत-थायलंड दुसऱ्या डोळ्याने. २९व्या मिनिटाला संगीता बासफोरने लांबूनच बॉल हाणला, तो जाळीत गेला आणि मी ओरडले. हॉलमधून आवाज आला, "अगं काय झालं? गिल आहे अजून!"

तेवढ्यात दाणे करपले. दुसरी खेप भाजायला घेतली तोवर थायलंडने बरोबरी केली होती.

ज्यांनी ही मॅच बघितली नाही (म्हणजे जवळपास सगळ्यांनीच) त्यांच्यासाठी थोडक्यात. आशियाई कपच्या पात्रता फेरीत गटातून एकच संघ पुढे जाणार होता. आपण मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० हरवून आलो होतो. बेरीज २२, स्वतःवर गोल शून्य. थायलंडचीही बेरीज २२ आणि स्वतःवर शून्य. इतकं काटेकोर तर वाण्याचं वजनही नसतं. त्यात थायलंड म्हणजे २०१५ आणि २०१९ असे दोन वर्ल्डकप खेळलेला संघ, क्रमवारीत ४६वा, आणि सामना त्यांच्याच घरी. आपण ७०वे. ७४व्या मिनिटाला पुन्हा संगीताच. २-१. शेवटची पंधरा-वीस मिनिटं मी ओट्याला धरून उभी होते. संपलं तेव्हा हॉलमध्ये जाऊन सांगितलं, "आपण ऑस्ट्रेलियाला जातोय." नवरा म्हणाला, "कधी? तिकिटं काढलीस?"

असो. पेपरात आणि इथे फेसबुकवर 'इतिहास घडला' असं खूप जणांनी लिहिलंय. घडलाच आहे. पात्रता फेरी जिंकून भारताच्या मुली आशियाई कपला पहिल्यांदाच जातायत. पण 'इतिहास' म्हटलं की आमच्याकडे लगेच १९७९ आणि १९८३ काढतात, दोनदा उपविजेते होतो, पूर्वी आपण आशियात दुसरे होतो, मग काय माशी शिंकली, वगैरे. हे अर्धंच खरं आहे.

१९७९-८०ची स्पर्धा कालिकतला झाली. तिथे भारताने एक सोडून दोन संघ उतरवले होते, आणि एक पाहुणा संघ चक्क पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याचा होता. तैवानकडून फायनलमध्ये आपण ०-२ हरलो. १९८१ला हाँगकाँगमध्ये तिसरे आलो. १९८३ला बँकॉकमध्ये पुन्हा फायनल, या वेळी ०-३, आणि समोर होतं हेच थायलंड. त्या वेळी चीन या स्पर्धेत उतरलेलाच नव्हता, उत्तर कोरियाही नव्हता. तेव्हा 'आशियात दुसरे' याचा अर्थ जरा हात राखूनच घ्यावा लागतो.

मला मात्र त्या मुलींचं कौतुक वेगळ्या कारणाने वाटतं. बायकांच्या फुटबॉलचा कारभार तेव्हा मुख्य फुटबॉल महासंघाकडे नव्हताच, १९७५ला निघालेली वेगळी संघटना तो बघायची. म्हणजे पैसा नाही, मैदान नाही, घरून परवानगीची मारामार, आणि तरी या बायका परदेशात जाऊन फायनल खेळून आल्या. बंगालची शांती मल्लिक, कुंतला घोष दस्तिदार, आपल्या शेजारच्या गोव्यातून कळंगुटची योलांडा डिसोझा. शांतीला १९८३ला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी कपिलने लॉर्ड्सवर कप उचलला. पुढे कोणाचं काय झालं ते सांगायला नको.

मग चीन आला, जपानने कंबर कसली, आणि आपण होतो तिथेच राहिलो. १९९८च्या एशियाडमध्ये चीनने आपल्याला १६-० धुतलं. पण मला त्या १६ गोलांपेक्षा जास्त बोचते ती २००९ची गोष्ट. त्या वर्षी फिफाने भारताच्या महिला संघाचं नाव क्रमवारीतून काढून टाकलं. कारण काय, तर दीड वर्ष या संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नव्हता. एकही नाही. शंभर कोटींच्या वर माणसं असलेल्या देशाचा संघ खेळायचा बंद झाला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. हरला असता तर निदान कोणीतरी शिव्या घातल्या असत्या!

या संघाचं रेकॉर्ड बघताना मी गोल मोजतच नाही. तारखा मोजते. दोन सामन्यांच्या मधली रिकामी जागा मोजते. सगळं दुखणं तिथे आहे.

२०१० पासून सॅफ, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा, सुरू झाली आणि आम्हाला एक सोयीचं झाकण मिळालं. २०१०, १२, १४, १६, १९, ओळीने पाच वेळा विजेते. पहिल्याच सॅफमध्ये भूतानला १८-०. पाचव्या वेळी प्रशिक्षक होत्या मेमॉल रॉकी, गोव्याकडून आणि भारताकडून खेळलेल्या, राष्ट्रीय संघाच्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक. ट्रॉफीचे फोटो यायचे, आम्ही लाईक करायचो. आणि मधेच २०१७ला हाच संघ प्योंगयांगला गेला आणि उत्तर कोरियाकडून ०-८, दक्षिण कोरियाकडून ०-१०, उझबेकिस्तानकडून १-७ खाऊन आला. त्या बातमीला लाईक नव्हते, कारण ती बातमी आमच्यापर्यंत आलीच नव्हती.

तोवर बांगलादेशात मैमनसिंगकडच्या कलसिंदूर नावाच्या खेड्यात एका प्राथमिक शाळेतल्या मुली फुटबॉल खेळून खेळून राष्ट्रीय संघापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी २०२२च्या सॅफमध्ये आपल्याला ३-० हरवलं. सॅफमध्ये त्याआधी भारत कधी हरलाच नव्हता! सेमीफायनलला नेपाळनेही हरवलं. २०२४लाही नेपाळनेच पेनल्टीवर घरी पाठवलं. दोन्ही वेळा कप बांगलादेशकडे. आणि आपण थायलंडला हरवलं त्याच आठवड्यात, तीन दिवस आधी, रितुपर्णा चकमाच्या दोन गोलांवर बांगलादेशनेही म्यानमारला त्यांच्या घरी २-१ हरवून आशियाई कपचं तिकीट काढलंय. हे आपल्याकडे कोणी फारसं लिहिलं नाही. मला तर त्याचा दुप्पट आनंद झाला. शेजारची पोर अभ्यासाला बसली की आपल्या घरातलीही जरा जोर लावते.

आता नेरूळची गोष्ट. ही मला लिहायचीच होती, तीन वर्षं राहून गेली.

जानेवारी २०२२. आशियाई कप आपल्या दारात. डी. वाय. पाटील, अंधेरी आणि पुण्याला बालेवाडी. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश. आमच्या गॅलरीतून डी. वाय. पाटीलचे दिवे दिसतात. आयपीएल असली की आमच्या बिल्डिंगमध्ये पाहुण्यांची रीघ लागते, त्या जानेवारीत कोणी फिरकलं नाही. ओमिक्रॉनचे दिवस, मीही घरीच बसून बघणार होते. २० तारखेला इराणशी ०-०. इराणची गोलकीपर भिंतीसारखी उभी आणि आपल्या पोरी डोकं आपटतायत. जिंकायला हवी होती ती मॅच. तरी म्हटलं, रविवारी तैवान आहे, बघू.

रविवारी, २३ तारखेला, दिवे लागले. मी मुलाला जेवायला वाढून टीव्ही लावला, आणि मॅचच नाही. डझनभर मुली पॉझिटिव्ह. नियमाप्रमाणे संघाच्या यादीत किमान तेरा खेळाडू लागतात, तेवढ्या उभ्या करता आल्या नाहीत. भारत स्पर्धेतून बाहेर. त्यातही कळस म्हणजे आधीची इराणची मॅचही नियमाने रद्द ठरली. म्हणजे कागदावर बघाल तर आपल्याच देशात भरलेल्या आशियाई कपमध्ये आपण एकही सामना खेळलो नाही. तो ०-० सुद्धा आपला राहिला नाही.

कोव्हिडला कोण काय करणार, हे मलाही कळतं. कोणावर आरोप करायचा म्हणून लिहीत नाही. पण गॅलरीत उभी राहून त्या दिव्यांकडे बघताना मला एवढंच सुचत होतं की एवढ्या मोठ्या देशात तेरा जणी कमी पडल्या.

ती स्पर्धा पुढे चालूच राहिली. फायनल डी. वाय. पाटीललाच झाली, ६ फेब्रुवारीला. तारीख आठवतेय ना? त्या सकाळी लतादीदी गेल्या. सगळी मुंबई शिवाजी पार्ककडे डोळे लावून बसली होती, आमच्या घरीही रडारड. आणि इकडे नेरूळमध्ये चीन ०-२ ने मागे पडून शेवटच्या क्षणी कोरियाला ३-२ हरवत होता. एवढी थरारक फायनल माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर झाली आणि मी ती दोन दिवसांनी मोबाईलवर बघितली.

मी मूळची कोल्हापूरची. फुटबॉल आमच्याकडे तालमीतून येतो. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस हे आमचे संघ. शाहू स्टेडियमवर पेठेपेठेची माणसं हजारांनी येतात, आणि एखाद्या फाऊलवरून दोन पेठांचं बोलणं बंद होतं. आबा मला लहानपणी खांद्यावर बसवून न्यायचे. सहावीपर्यंत गल्लीत मीही खेळले, राईट बॅकला. मग आजी म्हणाली, "आता पुरं झालं," आणि पुरं झालं. कोणी मारलं नाही, कोणी कोंडलं नाही. एक दिवस बॉल घेऊन पोरं हाक मारायला आली आणि मी 'येत नाही' म्हटलं, एवढंच. परवा जिंकलेल्या संघात मणिपूर, बंगाल, झारखंड, हरियाणा, तामिळनाडूच्या मुली आहेत. फुटबॉलवेडं म्हणून मिरवणाऱ्या माझ्या गावाचं नाव त्या यादीत नाही.

माझी भाची सध्या आठवीत आहे, तिकडेच. शाळेचा मुलींचा संघ आहे म्हणे. संध्याकाळी मैदान मुलांचं, म्हणून यांची प्रॅक्टिस सकाळी सहाला, तीही खो-खोच्या पोलांमधल्या पट्ट्यात. मागच्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी नऊच मुली आल्या. सरांनी कबड्डीच्या दोघींना बूट घालून उभं केलं. त्यांपैकी एकीने पहिलाच बॉल हाताने पकडला, पेनल्टी गेली. भाची हे सांगताना खो-खो हसत होती. मीही हसले. हसता हसता मला तो २३ जानेवारी आठवला. वर तेरा भरत नाहीत, कारण खाली अकरा भरत नाहीत.

बरं, भरल्या तरी पुढे काय? संगीता सशस्त्र सीमा बलात नोकरी करते. बेंबेम देवी, म्हणजे पद्मश्री मिळालेली आपली मोठी खेळाडू, मणिपूर पोलिसांत होती. आपलं बायकांचं फुटबॉल आजवर पोलीस, रेल्वे आणि निमलष्करी दलांच्या पगारावर जगलंय. मुलींची लीग सुरू झाली ती २०१६-१७ मध्ये. २०२३ला महासंघाने ठरवलं की लीगमधल्या कराराच्या खेळाडूला वर्षाला निदान ३ लाख २० हजार मिळावेत. महिन्याचे साधारण २७ हजार. क्रिकेटशी तुलना करणार नाही, जीव जळतो.

आणि तरीही या मुली काय काय करून बसल्यात बघा. बाला देवी ग्लासगोच्या रेंजर्स क्लबकडून खेळली. मनीषा कल्याणने २०२१ला ब्राझीलमध्ये जाऊन ब्राझीलवर गोल मारला. आपण हरलो १-६ ने, त्यांच्या दिग्गज फोर्मिगाचा निरोपाचा सामना होता तो, पण तो एक गोल मी निदान पन्नासदा बघितला असेल. नंतर ती सायप्रसच्या क्लबकडून चॅम्पियन्स लीग खेळली. २०२२च्या ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या महासंघावर बंदी घातली तेव्हा गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या. खुर्च्यांची भांडणं इथल्या पुरुषांची आणि न खेळता परत आल्या त्या मुली. २०२४ला तुर्कस्तानात एस्टोनियाला ४-३ हरवलं, युरोपातल्या संघावर पहिला विजय.

मार्च २०२६मध्ये ऑस्ट्रेलियात काय होईल? बारा संघ आहेत. जपान, चीन, कोरिया यांच्यातलं कोणी आपल्या गटात आलं तर मार बसेल, चांगलाच बसेल, आधीच सांगून ठेवते. त्या दिवशी 'कशाला जातात' म्हणून पोस्ट टाकू नका. तिथून पुढे २०२७च्या ब्राझील वर्ल्डकपची वाट आहे, आणि एखादा सामना जरी निघाला तरी ती वाट अगदीच बंद नसेल. मला मात्र मार्चपेक्षा त्याआधीच्या आठ महिन्यांची काळजी आहे. किती मॅच खेळायला मिळणार, कोणाशी? कॅलेंडर पुन्हा कोरं ठेवलं तर चियांग माईचे ते दोन गोल शोकेसमध्ये जातील.

रात्री आबांना फोन केला. ८१ वर्षांचे आहेत, कानाला कमी येतं. थायलंडला हरवलं म्हटल्यावर म्हणाले, "त्यातला रेफ्री कुठला होता?" कोल्हापुरी माणूस, आधी रेफ्री विचारणार. मग भाचीने फोन ओढून घेतला.

"आत्या, ऑस्ट्रेलियाच्या मॅच आपल्याकडं किती वाजता गं?"

म्हटलं, त्यांचं घड्याळ आपल्या पुढे असतं. दुपारी असतील बहुतेक, तू शाळेत असशील.

"मग तू बघ. पण घरी आल्या आल्या सांगू नकोस गोल कुणी मारला ते. मी बघणाराय."