अंक कुणासाठी आहे, हे पान सांगतं

दिवाळी अंक हातात आला की बहुतेक जण आधी अनुक्रमणिका उघडतात. मी मधलंच एखादं पान उघडते आणि अंक हातभर लांब धरून बघते. बरीच वर्षं मासिकांची आणि दिवाळी अंकांची पानं लावते आहे, म्हणजे मजकूर-चित्रांची पानावर मांडणी करते आहे, त्यामुळे ही सवयच झाली आहे. यंदाचे अंक असे बघितले आणि वाटलं, आता हे लिहायलाच हवं. आपला वाचक कोण, हे संपादकाला ठाऊक असतं, लेखकाला ठाऊक असतं, जाहिरात विभागाला तर पक्कं ठाऊक असतं. पान लावताना मात्र तो वाचक कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

दिवाळी अंक विकत घेणारी, किंवा वाचनालयात दिवाळीची वेगळी वर्गणी भरून पार फेब्रुवारी-मार्चपर्यंत अंक बदलून नेणारी मंडळी कोण आहेत? माझ्या पाहण्यात तरी बहुतेक सगळी पन्नाशीच्या पुढची. चष्मा लागलेला, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, कुणाची बोटं आखडलेली. ही माणसं अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. आणि त्यांच्या हातात आपण काय देतो? साडेदहा पॉइंटचा (पॉइंट म्हणजे अक्षराच्या उंचीचं माप) मजकूर, ओळीला ओळ चिकटलेली, कागद पिवळट आणि शाई फिकी.

देवनागरीत पॉइंट साइज फसवी असते. इंग्रजी अक्षर साडेदहा पॉइंटमध्ये सुखाने वाचता येतं, कारण त्याला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार-ऋकार सांभाळायचे नसतात. आपल्याकडे त्याच उंचीत हे सगळं बसवायचं, म्हणजे मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. म्हणून आकडा तोच असला तरी डोळ्याला मराठी अक्षर लहान दिसतं. त्यात दोन ओळींमधलं अंतर कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर जाऊन बसतो. बारा पॉइंटच्या अक्षराला सतरा-अठरा पॉइंट उंचीची ओळ, हे माझ्या मते दिवाळी अंकाचं किमान माप आहे.

दुसरं दुखणं रकान्यांचं. अंकाचं पान मोठं, म्हणून दोन रकाने करायचे, हे ठीक. पण काही अंक तीन करतात आणि दोन्ही कडा सरळ हव्यात म्हणून मजकूर ताणतात. मराठी शब्द लांब असतात आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची आपल्याला सवय नाही. 'सामाजिक-सांस्कृतिक स्थित्यंतराच्या' असं काहीतरी अरुंद रकान्यात आलं की वरच्या ओळीत दोनच शब्द उरतात आणि त्यांच्यामध्ये हे एवढं भगदाड पडतं. उजवी कड मोकळी सोडली तर काही बिघडत नाही. कविता अशा रकान्यात कोंबणं तर मला बघवतच नाही. कवीने ओळ जिथे तोडली ती जागा कवितेचा भाग असते. ओळ रकान्यात मावत नाही म्हणून तिचं शेपूट खाली उतरवणं म्हणजे वाचकाला चुकीची कविता देणं आहे.

आपल्याकडे हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. उलट, फार चांगलं कळत होतं.

चांदोबा आठवा. १९४७ साली मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं हे मासिक १९५२ पासून मराठीत यायला लागलं. उघडाल त्या पानावर चित्र असायचं, आणि त्या चित्रात नेमका त्याच पानावरचा प्रसंग. नुकतं वाचायला शिकलेलं मूल मजकुरात अडलं की चित्राकडे बघायचं, गोष्टीचा धागा धरायचं आणि पुन्हा ओळीवर यायचं. विक्रम-वेताळाच्या गोष्टीवरचं चित्रकार शंकर यांचं ते चित्र बघा: खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशान. दर महिन्याला तेच. तेच असणं महत्त्वाचं होतं, कारण मूल अंक चाळता चाळता त्या चित्रापाशी थांबायचं आणि आपली गोष्ट आली हे शीर्षक न वाचताच ओळखायचं. आज याला मोठमोठी नावं आहेत. तेव्हा ते मुलाकडे नीट बघून केलेलं काम होतं.

'किशोर'चंही तसंच. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. मुलांसाठी काही करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा निवांत चाळावेत.

मोठ्यांच्या अंकांतही वाचक ओळखून केलेलं काम दिसतं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर, दोघेही चित्रकार, दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक काढला, मुळगांवकरांचा 'रत्नप्रभा' होता. त्यांच्या मुखपृष्ठावरची स्त्री स्टॉलवर दहा अंकांच्या गर्दीत दुरून दिसायची. अंक घरी आला की तो सगळ्या घराचा, अगदी न वाचणाऱ्या माणसाचासुद्धा व्हायचा. याच्या अगदी उलट 'सत्यकथा' हे साहित्यिक मासिक. मुखपृष्ठावर संयम, आत मजकुराला पहिला मान, सजावट जेमतेम. तो वाचक वेगळा होता आणि त्याला 'तुझ्यासाठी आहे' हे त्या साधेपणातूनच कळत होतं. या दोन्हींत कुठलं चांगलं, हा वाद मला निरर्थक वाटतो. दलालांचं चित्र 'सत्यकथे'वर चाललं नसतं आणि 'सत्यकथे'चं मुखपृष्ठ घेऊन 'दीपावली' स्टॉलवर दिसला नसता.

आणि 'आवाज'! १९५१ पासूनचा अंक, मधुकर पाटकरांचा. त्यातली खिडकीचित्रं ज्यांनी बघितली त्यांना समजावून सांगायला नको. पानाला खिडकी कापलेली, तिच्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसतो आणि मन भलतीकडे धावतं. पान उलटलं की काहीतरी अगदीच निष्पाप निघतं. हा विनोद कागद कापूनच करता येतो. बाइंडिंगमध्ये पान थोडं जरी सरकलं तरी खिडकीतून नको तो भाग दिसणार आणि गंमत संपणार. म्हणजे चित्रकार, छपाईवाला आणि बाइंडर यांनी एकाच विनोदावर एकत्र काम केलेलं असतं. वाचकाला पान उलटायला लावणं, हे मांडणीचं याहून नेमकं उदाहरण माझ्यापाशी नाही.

आता आजच्या एका साध्या पानाकडे येते. पाककृती. ही वाचणारी व्यक्ती गॅसपाशी उभी आहे, हात पिठाचे आहेत, अंक ओट्यावर उघडा आहे. तिला साहित्य एका नजरेत हवं, कृती त्याच्या शेजारी हवी आणि पान उलटायची वेळ येता कामा नये. इतकं साधं आहे हे. तरी अंकाअंकांत मी बघते: अर्ध्या पानावर पदार्थाचा झगझगीत फोटो, त्याच फोटोवर पांढऱ्या बारीक अक्षरांत साहित्य, आणि कृतीचा शेवट पाठीमागच्या पानावर. पांढरी अक्षरं गडद फोटोवर छापताना चार रंगांचे ठसे केसभर जरी इकडेतिकडे झाले तरी बारीक मात्रा बुजून जातात. 'पाव चमचा' आहे की 'पाऊण चमचा' हे कळत नाही आणि मिठाच्या बाबतीत ते कळायलाच हवं.

जाड अंकांचं परफेक्ट बाइंडिंग हाही असाच विषय. अडीचशे पानांचा अंक गोंदाने चिकटवला की तो सपाट उघडत नाही. आतला समास रुंद ठेवला नाही तर ओळीचा शेवट कण्यात गडप होतो. मग वाचक अंगठ्याने दाबून धरतो, अंक कडकन मोडतो आणि पानं सुटतात. अर्धा इंच जास्त समास सोडला असता तर हे टळलं असतं.

तरुण वाचक यायला हवा म्हणून मुखपृष्ठ भडक करायचं, शीर्षकं मोबाइलवरच्या पोस्टसारखी तिरकी-तिरपी टाकायची, ही नवी लाट मला पटत नाही. तरुण वाचतात. त्यांचे डोळे उत्तम मांडणीच्या वेबसाइट आणि पुस्तकांवर तयार झालेले आहेत, म्हणून तर त्यांना गचाळ पान आपल्याआधी खटकतं. मराठीत आज सुंदर, वाचनीय टाइप, म्हणजे फॉन्ट, उपलब्ध आहेत, आपल्याच लोकांनी घडवलेले, काही तर विनामूल्य. 'मुक्ता' किंवा 'बालू' वापरायला परवाना विकत घ्यावा लागत नाही. तरी एका अंकात सात-आठ टाइप मिसळलेले दिसतात तेव्हा जीव तुटतो.

जाहिरातींबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्याशिवाय दिवाळी अंक निघणार नाही, आणि १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा खेळ वाचक आणि जाहिरातदार दोघांच्या जिवावर चालला आहे. तक्रार एवढीच की कथा ऐन वळणावर असताना समोर सोन्याच्या दुकानाचं पान येऊ नये, आणि 'उर्वरित मजकूर पान १९२ वर' असं वाचकाला कधी सांगू नये. जाहिराती फर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, कडेला आणि दोन लेखांच्या मध्ये लावता येतात. त्यासाठी डमी, म्हणजे अंकाचा कच्चा नमुना, करताना संपादक, जाहिरातवाला आणि पानं लावणारा एका टेबलावर बसायला हवेत. बहुतेक ठिकाणी ते फक्त फोनवर बोलतात, तेही छपाईच्या आदल्या रात्री.

हे सगळं म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: अक्षर मोठं केलं तर पानं वाढतील, कागद महागलाय. बरोबर आहे. साडेदहाचा मजकूर बारावर नेला की मजकुराची पानं सव्वापटीहून जास्त होतात. मग तेवढा मजकूर कमी घ्या. भरीला म्हणून घेतलेल्या कथा, ओळखीखातर छापलेले लेख, कुठेतरी आधीच येऊन गेलेली भाषणं, हे काय आहे ते संपादकाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. अंक जाड दिसला पाहिजे हा हट्ट स्टॉलवरच्या पाच मिनिटांसाठी आहे, वाचणारा तो चार महिने वाचणार आहे. आणि अंक प्रेसला जाण्याआधी चार पानं खऱ्या मापात, खऱ्या कागदावर छापून घ्या. ती ऑफिसातल्या पंचविशीच्या मुलाला दाखवू नका. शेजारच्या वाचनालयात न्या आणि तिथे रोज येणाऱ्या एखाद्या आजींना मोठ्याने वाचायला सांगा. त्या जिथे अडतील तिथे पेन्सिलने खूण करा आणि ते पान परत लावायला पाठवा.