फोटो तर आहेत ना?

भाचा सुट्टीला आला आणि त्याने माझा कॉम्प्युटर 'फास्ट' करून दिला. कुणी सांगितलं नव्हतं. मी खाली दूध आणायला गेलो, तेवढ्यात उरकलं.

त्याने फोटो एकही उडवला नाही, हे आधीच सांगतो, कारण घरात सगळे तेच सांगतायत. उडवल्या त्या फोटोंच्या शेजारी त्याच नावाने बसलेल्या, एक्सएमपी शेपटीच्या बारक्या फाइली. "मामा, त्या उघडल्या की नुसतीच अक्षरं दिसत होती. आणि सगळ्या आठ-दहा केबीच्या. कचरा होता." आता कॅमेरा रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातले कच्चे (रॉ) फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, केलेलं काम मूळ रॉ फोटोत उतरतच नाही. उजेड किती वाढवला, रंग किती सरकवला, कुठे कापला, हे सगळं त्या बारक्या फाइलीत लिहिलेलं असतं. कचरा म्हणे! आतेबहिणीच्या हळदीचे सातशे फोटो होते ते, आणि एडिट केलेल्या जेपीजी काढायच्या बाकी होत्या.

हळदीचे फोटो ज्याने एडिट केलेत त्यालाच हे दुखणं कळेल. हॉलच्या ट्यूबलाइटी हिरव्या, डेकोरेटरचे एलईडी जांभळे आणि मधे पिवळीधमक नवरी. एवढं पिवळं बघून ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे आपोआप रंग जुळवणारी सोय, घाबरतो आणि भरपाई म्हणून अख्ख्या करवल्यांना निळं करतो. नवरीला हळद लागलीय की कावीळ झालीय, हे शेवटी चार-दोन आकड्यांवर ठरतं. ते आकडे गेले.

जागा किती मोकळी झाली? सहा-सात एमबी. माझ्या 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला एक रॉ फोटो 25 एमबीच्या आसपास भरतो. म्हणजे सातशे फोटोंवर केलेल्या जागरणाचं वजन पाव फोटो. तेही शिफ्ट दाबून उडवलं, "रिसायकल बिनमध्ये पण घाण नको" म्हणून, आणि वर त्याच डिस्कवर स्वतःचा गेम कॉपी केला.

बॅकअप नव्हता का, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी जरा बसून घ्या. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला 3-2-1 नियम मी पाळतो: 3 प्रती, 2 प्रकारच्या साधनांवर, 1 प्रत दुसऱ्या ठिकाणी. माझं दुसरं ठिकाण म्हणजे नाशिकला ताईचं कपाट. नवे फोटो भरायला म्हणून ती डिस्क ताईने भाच्याच्याच सॅकमधून पाठवली होती. मी इमानदारीत भरलीही. तिन्ही प्रती एका टेबलावर आल्या त्या चार तासांत पोराने तिन्ही सारख्या स्वच्छ केल्या. नियमात भाचा धरलेला नाही.

हे सगळं चालू असताना शेजारचे काका चहाला बसले होते. बँकेतून निवृत्त, त्यामुळे दुसऱ्याचा हिशोब तपासायची सवय.

"फोटो गेले का रे?"

"नाही काका, फोटो आहेत."

"मग गेलं काय?"

"एडिटिंग गेलं."

"फोटोतलं?"

"फोटोत नव्हतं ते. शेजारच्या फाइलीत होतं."

"शेजारच्या फाइलीत फोटो होता?"

"नाही."

"म्हणजे ज्या फाइलीत फोटो नव्हता ती गेली, आणि ज्यात फोटो होता ती आहे." काकांनी बशी खाली ठेवली. "मग तुझी तक्रार नेमकी काय आहे?"

"काका, त्यात आकडे होते. टेम्परेचर 4850, टिंट +12, हायलाइट -40..."

"4850 टेम्परेचर? कुणाला?"

"केल्विन असतं ते. रंगाचं."

"असू दे. आकडेच होते ना? मग वहीत का नाही उतरवून ठेवलेस? आम्ही कॉम्प्युटर आल्यावरसुद्धा रोज संध्याकाळी हाताने टॅली करायचो."

संताप याचा की काका चुकीचं बोलत नव्हते. एक्सएमपी म्हणजे साधा मजकूरच, नोटपॅडमध्येही उघडतो. सातशे पानं हाताने उतरवता आली असती, तत्त्वतः.

"फोटो तर आहेत ना?" हे मग ताई फोनवर म्हणाली, आत्या म्हणाली, बायकोही म्हणाली. कपाट जळालेल्या सुताराला कुणी "झाड तर आहे ना?" विचारतं का? फुकट काम करणाऱ्या घरच्या फोटोग्राफरला विचारतात. आत्याने तर आहेत तसेच फोटो मागवून घेतले आणि "हेच छान आहेत, नॅचरल" असं ग्रुपवर टाकलं. त्यात ती स्वतः निळी आहे.

वाचलं काय? सोसायटीच्या गणपतीच्या बॅनरची दीड जीबीची पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल. "मोठी होती, म्हणजे महत्त्वाची असणार," भाचा म्हणाला. त्यात अख्खी कार्यकारिणी आहे, डावीकडून तिसरे काका. ते आहे कळल्यावर काकांचा चेहरा खुलला. "बघ, जे टिकायचं ते टिकतं. उघडलीच आहेस तर माझी हनुवटी जरा आत घे."

संध्याकाळी ताईचा पुन्हा फोन. "तू काही बोललास का त्याला? नीट जेवला नाही म्हणे. एवढ्या हौसेने केलं पोराने." मग मीच जाऊन सॉरी म्हटलं.

"इट्स ओके मामा," तो म्हणाला. "तुझा मोबाइल पण स्लो वाटतो. बघू?"