ॲमस्टेलव्हेनची चिठ्ठी आणि ऐरोलीची यादी

नवी मुंबईत २०१५ नंतर महापालिकेची निवडणूक व्हायला २०२६ साल उजाडले, आणि तिच्या आधी कित्येक महिने ऐरोलीच्या घरच्यांच्या बोलण्यात दुबार नावे, गायब नावे आणि शहर सोडून गेलेल्यांची तशीच राहिलेली नावे यांखेरीज दुसरा विषय नव्हता. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्यांचा त्यावरचा शेरा ठरलेला असतो की, इकडे असले काही होत नाही. तो खरा आहे, पण अर्धाच.

ॲमस्टेलव्हेनमध्ये मला मतदार नोंदणी अशी कधी करावीच लागली नाही. पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झालेल्या परदेशी नागरिकालाही इथे नगरपालिकेसाठी मत देता येते आणि मतदानाची चिठ्ठी टपालाने घरी येते. स्वतः जाणे जमले नाही, तर चिठ्ठीमागे सही करून, ओळखपत्राची प्रत जोडून ती गावातल्याच दुसऱ्या मतदाराकडे द्यायची. त्याला स्वतःच्या मताबरोबर अशी दोनच मते देता येतात. हे जमते, कारण घर बदलले की नवा पत्ता पालिकेला कळवणे सक्तीचे आहे. घोडबंदर रस्त्यावर अकरा महिन्यांच्या करारावर राहून पुढे घणसोलीला सरकणाऱ्या भाडेकरूवर उद्या अशी सक्ती झाली, तर पाळत ठेवली जाते म्हणून पहिली ओरड आपणच करू.

आपल्याकडे ही जबाबदारी मतदारावर आहे. अठरा पूर्ण झाल्यावर नमुना ६, पत्ता बदलल्यावर नमुना ८. आधारवरचा पत्ता बदलला म्हणून यादीतला आपोआप बदलत नाही. भारतीय पारपत्र कायम ठेवलेल्या आम्हा परदेशस्थांना २०११ पासून नमुना ६ अ उपलब्ध आहे. पारपत्रावर जो भारतातला पत्ता असतो, त्याच मतदारसंघात नाव लागते, म्हणजे माझे ऐरोलीत. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी त्या पत्त्यावर जाऊन चौकशी करतो; घरी पुष्टी देणारे कोणी नसेल, तर कागदपत्रे पडताळणीसाठी भारतीय वकिलातीकडे जातात. पूर्वीचे मतदार ओळखपत्र असल्यास ते परत करायचे आणि मतदानाला मूळ पारपत्र घेऊन स्वतः यायचे. परदेशी स्थायिक होऊनही साधा मतदार म्हणून नाव तसेच ठेवणारे आमच्यात पुष्कळ आहेत, आणि दुबार नावांवर सर्वांत तावातावाने तेच बोलतात.

स्वतः येण्याची अट जाचक आहे, यात वाद नाही. २०२४ च्या लोकसभेला देशभरात सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते आणि मतदानाला आले अवघे २,९५८. प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक लोकसभेने २०१८ मध्ये मंजूर केले होते. राज्यसभेची मंजुरी न मिळताच ते २०१९ मध्ये बारगळले. ते पुन्हा आणावे, आणि दोन मतांची इथली मर्यादा त्यात घालावी, नाहीतर एकेका सोसायटीतला एखादा कार्यकर्ता वीस-वीस पारपत्रांच्या प्रती खिशात घालून फिरेल. पण ही मागणी करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नमुना ६ अ भरलेलाच नसेल, तर निवडणूक आयोगाने ती कोणाची समजायची?