मृतदेहांमुळे साथ पसरते, हा दावा चुकीचा

पूर किंवा भूकंपानंतर एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘मृतदेह ताबडतोब एकत्र पुरा, नाहीतर साथ पसरेल.’ हे खरं नाही. लिबियातला पूर आणि मोरोक्कोतला भूकंप यांच्यानंतर, सप्टेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉसच्या संस्थांनी हेच पुन्हा स्पष्ट केलं होतं.

कारण साधं आहे. ही माणसं बुडून, मार लागून गेलेली असतात, साथीच्या रोगानं नव्हे. कॉलरा किंवा इबोलानं झालेला मृत्यू हा अपवाद. तिथे वेगळी काळजी घ्यावीच लागते. मृतदेह विहिरीत किंवा तलावात असेल तर पाणी दूषित होऊ शकतं, म्हणून पिण्याचं पाणी क्लोरीन टाकून किंवा उकळूनच घ्यावं. मृतदेहांवर चुना टाकून काहीही साधत नाही.

खरा धोका जिवंत माणसांच्या गर्दीत असतो: छावणीतलं अस्वच्छ पाणी, अपुरी शौचालयं, गोवराची राहिलेली लस. मनुष्यबळ तिकडे लागायला हवं.

घाईनं केलेल्या सामूहिक दफनाचा घाव मात्र वर्षानुवर्षं राहतो. ओळख पटली नाही तर मृत्यूचा दाखला अडतो, वारसाहक्क अडतो, आणि घरचे वाट पाहत राहतात. त्यामुळे आधी प्रत्येक मृतदेहाला पाण्यानं न पुसणारा क्रमांक बांधा, चेहऱ्याचे व कपड्यांचे फोटो घ्या, कुठे सापडला ते लिहा. मृतदेह हाताळताना हातमोजे आणि बूट घाला, नंतर साबणानं हात धुवा.