तिरकी अक्षरे आणि आजीची कानडी

एका दिवाळी अंकाकडून माझ्या कथेची प्रुफे गेल्या आठवड्यात तपासायला आली, आणि त्यांत आजीचे कानडी वाक्य तिरक्या अक्षरांत, पुढे कंसात अर्थ देऊन छापलेले पाहून मला फार वाईट वाटले. धारवाडहून लग्न होऊन सदाशिव पेठेत आलेली ही आजी नातू दारात दिसला की "ऊटा आय्ता?" असे विचारते आणि तो चपला काढता काढता "हो गं, आत्ताच जेवलो," असे सांगतो. मूळ शब्द 'ऊट' असा आहे, पण त्यातला शेवटचा अकार मराठी वाचक गिळून टाकेल म्हणून मी मुद्दाम काना दिला होता. अर्थ नातवाच्या उत्तरात आहेच, मग कंस कशासाठी?

आजीला ते वाक्य परके नाही, नातवालाही नाही. ते परके वाटले फक्त छापणाऱ्याला, आणि संवादात छापणाऱ्याचा कान ऐकू येता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. त्याच पानावर आजीच्याच तोंडचे 'पासबुक' मात्र सरळ उभे होते.

शिवाय तिरका टाइप हा देवनागरीचा नव्हेच. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने व्हर्जिलचे काव्य अशा टायपात छापले, तेव्हा त्यामागे तिथल्या विद्वानांचे भरभर लिहिण्याचे वळण होते. आपले भरभर लिहिण्याचे वळण म्हणजे मोडी, आणि छपाईत ते मागे पडून बाळबोध रूढ झाली. आज संगणक उभी अक्षरेच नुसती कलती करतो. माझ्या प्रुफात तर वेलांट्या शेजारच्या अक्षरांवर चढल्या होत्या.

बाहेरून आलेल्या खुणांना माझा विरोध नाही. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय पुण्यात काम केलेल्या मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते, आणि अवतरणचिन्हांवाचून मला एकही संवाद लिहिता येणार नाही. पात्र स्वतःच एखादा शब्द वेगळा काढून उच्चारत असेल, उदाहरणार्थ नातू मित्रांना "आजी जेवणाला 'ऊटा' म्हणते" असे सांगत असेल, तर तिथे एकेरी अवतरण हवेच.

मी कंस खोडला, समासात 'सरळ टाइप' असे लिहिले आणि प्रुफे परत पाठवली.